‘जैसे थे’ कोणाच्या सोयीचे? मुंबई उच्च न्यायालयास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती व सर्व मा. न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय
(मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी आणि कोल्हापूर)

विषय : कौटुंबिक, वाटपाच्या आणि घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांत अपिलात दिल्या जाणाऱ्या स्थगितीबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यात वकिली करते. माझ्याकडे येणारी बरीचशी कामे तीन प्रकारची असतात : नवरा-बायकोची, वाटपाची आणि घरातल्या मारहाणीची. पुष्कळदा ही तिन्ही कामे एकाच बाईची असतात. सासरी मार खाल्ला म्हणून ती बाहेर पडते, पोटगी मागते, माहेरी थारा मिळत नाही म्हणून वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागते. तिच्या लेखी भांडण एकच, पण फायली तीन होतात, आणि प्रत्येकीची अपिलाची वाट वेगळी.

माझे म्हणणे थोडक्यात असे की या प्रकरणांत अपिलाचा खरा निकाल शेवटच्या युक्तिवादानंतर लागत नाही. तो अपील दाखल झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच, स्थगितीच्या अर्जावर लागून जातो. आणि ज्या आदेशावर माणसाची पुढची काही वर्षे ठरतात, तोच आदेश सगळ्यात आखूड असतो. (अवमानाची नोटीस काढावी असे या पत्रात काही नाही, असा माझा समज आहे.)

सुरुवात वाटपापासून करते, कारण तिथे हे सगळ्यात उघड दिसते.

वाटपाच्या दाव्यात बहिणीला एक तृतीयांश हिस्सा मिळाला, असे समजा. कोणाचा किती हिस्सा हे ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा झाला. भाऊ अपिलात गेला. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१, नियम ५ सांगतो की नुसते अपील केले म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती हवी असेल तर मोठे नुकसान होणार हे दाखवावे लागते, अर्ज वेळेत केलेला असावा लागतो आणि तारण द्यावे लागते. नियम इतका चोख आहे. प्रत्यक्षात मात्र दोन ओळींत ‘जैसे थे’चा आदेश होतो आणि प्रकरण बोर्डावरून, म्हणजे सुनावणीच्या यादीवरून, खाली जाते.

हा आदेश देताना न्यायालयाला वाटते की आपण कोणाचीच बाजू घेतली नाही. शेतावर येऊन पाहिले तर वेगळे दिसेल. जमीन भावाच्या वहिवाटीत आहे. उसाची नोंद भावाच्या नावावर आहे, म्हणून कारखान्याचे बिल भावाच्या खात्यात जमा होते. सोसायटीचे पीककर्ज त्याला मिळते, विहिरीवरच्या मोटरीचे कनेक्शन त्याचे, रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदल्याच्या यादीत पहिले नाव त्याचे. ‘जैसे थे’मुळे हे सगळे जसेच्या तसे चालू राहते. बहिणीकडे फक्त हुकूमनाम्याची नक्कल असते. तिने दावा लावला त्याच दिवशी भाऊबीज बंद झाली, आणि हिश्शाचा दाणाही घरात आला नाही. आमच्याकडे साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याची रीत अजून जिवंत आहे. सही न करणाऱ्या बहिणीला वर्षानुवर्षे अपिलात ताटकळत ठेवणे हा त्याच रीतीचा सभ्य अवतार झाला आहे.

यात भाऊ वाईटच असतो असे मी म्हणत नाही. स्वतःच्या कर्जावर विहीर खोदलेली असते, आई-वडिलांचे दुखणे त्यानेच काढलेले असते, आणि खालच्या न्यायालयाने ते हिशेबात धरलेले नसते. असे मुद्दे घेऊन तो अपिलात येतो, तो त्याचा हक्कच आहे. पण ज्याच्या हातात जमीन आहे त्याला तारीख लांबली की फायदाच होतो. अपील लवकर चालावे असे त्याला वाटण्याचे कारणच आपण ठेवत नाही.

मग करता काय येईल? ताबा देणे आज थांबवा, सरस-निरस वाटप आणि मोजणी थांबवा, हे समजते. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप त्याच संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायचे असते, ते एकदा झाले की उलटवणे अवघड. पण उत्पन्न थांबवायचे कारण नाही. बिलातला बहिणीचा हिस्सा कारखान्याने न्यायालयात भरावा, दरवर्षी हंगाम संपला की भावाने हिशेब द्यावा, आणि निम्मी रक्कम तरी तिला हमीपत्रावर उचलू द्यावी. एवढी अट स्थगितीला जोडायला नवा कायदा लागत नाही. नियम ५ मधला तारणाचा शब्द त्यासाठीच आहे. मालमत्ता परस्पर विकू नये, गहाण टाकू नये, ही अट तर आपण घालताच. ती बहिणीची जमीन राखते, पोट भरत नाही.

वाटपाच्या अपिलात वेळेची किंमत किती असते याचे सगळ्यात मोठे उदाहरण मुलींच्या हक्काचेच आहे. महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात २२ जून १९९४ पासून दुरुस्ती करून मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने वाटेकरी, केले, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. मग ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले की त्या तारखेला वडील हयात असायला हवेत. ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की तशी गरज नाही, हा हक्क जन्माने मिळतो. आता कल्पना करा, वडील २००५ च्या दुरुस्तीआधीच वारलेली एखादी मुलगी २०१२ साली खालच्या न्यायालयात जिंकली आणि भावाचे अपील पडून राहिले. २०१६ साली बोर्डावर आले असते तर ती हरली असती, २०२१ साली आले तर जिंकली. पुरावा तोच, साक्षी त्याच, सातबारा तोच. २०२० च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी प्रलंबित प्रकरणे शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावीत अशी विनंतीही केली होती. तालुक्याला बसून मला त्या विनंतीचा फारसा मागमूस दिसला नाही.

आणि या काळात माणसे मरतात. पक्षकार गेला की वारस नव्वद दिवसांत अभिलेखावर आणावे लागतात, नाहीतर त्याच्यापुरते अपील संपुष्टात येते. पुण्या-मुंबईच्या वकिलाला गावात कोण कधी गेले ते कळत नाही, गावातल्याला हा नियम माहीत नसतो. मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर म्हणणे, त्यावर तारीख. मूळ वाद बाजूलाच.

पोटगीची वाट वेगळी, पण खाचखळगे तेच.

कुटुंब न्यायालयाच्या निकालावर कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १९ खाली थेट आपल्याकडे, दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे अपील येते. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश हिंदू विवाह अर्ज चालवतात आणि अपील जिल्हा न्यायालयात जाते. म्हणजे शहरातल्या बाईला उच्च न्यायालय गाठावे लागते आणि गावातलीला जिल्ह्याचे ठिकाण पुरते. एरवी उलटेच असते, म्हणून सांगितले. अपिलाची मुदत तीस दिवस की नव्वद, हासुद्धा घोळ होता. हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांसाठी नव्वद दिवस, असे आपल्याच पूर्ण पीठाने ठरवल्यावर तो मिटला. पोटगीच्या अंतरिम आदेशावर मात्र कलम १९ खाली अपील नाही, म्हणून नवरा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका घेऊन येतो, आणि तिथे पहिली मागणी अर्थातच स्थगितीची असते.

पोटगीला स्थगिती देणे आणि एखाद्या करारातल्या रकमेला स्थगिती देणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. व्यापाऱ्याचे पैसे दोन वर्षांनी व्याजासकट मिळाले तर त्याचे नुकसान भरून निघते. जून महिन्यात शाळेची फी भरता आली नाही तर ती दोन वर्षांनी भरून उपयोग नाही. ४ नोव्हेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा पोटगीवरचा निकाल नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या प्रकरणातला आहे. बायकोने अंतरिम पोटगी २०१३ साली मागितली होती. त्या निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या : पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोन्ही बाजूंनी उत्पन्नाचे, मालमत्तेचे, कर्जाचे शपथपत्र द्यायचे. खाली आम्ही त्या शपथपत्रासाठी भांडतो. नवरा ते टाळतो, टाळता टाळता आदेश होतो, आणि मग तोच नवरा ‘माझे उत्पन्न एवढे नाही’ म्हणून वर जातो. वर त्याला पहिला प्रश्न ‘शपथपत्र कुठे आहे?’ हाच विचारला गेला पाहिजे. ते अद्ययावत नसेल तर स्थगितीचा अर्ज ऐकायलाच घेऊ नये.

नोकरी खरेच गेलेला, खरेच आजारी नवराही असतो, हे मी नाकारत नाही. एकदा दिलेली पोटगी परत मिळत नाही ही त्याची भीतीही खोटी नाही. म्हणून सरसकट नकार द्या असे मी म्हणत नाही. वादात नसलेली रक्कम दरमहा चालू राहावी, वादातली न्यायालयात जमा व्हावी. आपल्यापैकी काही न्यायमूर्ती आजही असेच आदेश करतात. पण ते कोणत्या न्यायमूर्तींसमोर प्रकरण लागते यावर अवलंबून राहू नये, एवढेच.

घरगुती हिंसाचाराच्या कायद्याबाबत तर मला थोडे रागानेच लिहावे लागेल. २६ ऑक्टोबर २००६ पासून हा कायदा लागू आहे. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात लिहिले आहे. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना ठाऊक होते की मार खाणाऱ्या बाईसाठी वेळ हीच मुख्य गोष्ट आहे. पण कलम २९ मध्ये सत्र न्यायालयाकडे अपील ठेवताना तिथे किती दिवसांत काय व्हावे, याबद्दल अवाक्षर नाही. तीस दिवसांत अपील करायचे, एवढेच. म्हणून दंडाधिकाऱ्यांनी बाईला घरात राहण्याचा आदेश दिला की तो सत्र न्यायालयात अडतो, आणि तिथून सुटला तर आपल्याकडे येऊन पुन्हा अडतो. घरात राहण्याच्या आदेशाला स्थगिती म्हणजे बाई रात्री कुठे झोपणार याचा निर्णय असतो. त्या दोन ओळींत हा प्रश्न विचारलेला मी क्वचितच पाहिला आहे.

यातही एक नवी वाट निघाली आहे. सासू-सासरे प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणात जातात आणि सुनेला घराबाहेर काढण्याचा आदेश घेऊन येतात. काही घरांत म्हाताऱ्यांचे हाल खरे असतात, काही घरांत अर्जामागे मुलगा असतो. सामाईक घर सासऱ्याच्या नावावर असले तरी सुनेचा राहण्याचा हक्क असू शकतो, हे ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा वापरून सुनेचा हा हक्क झटपट संपवता येणार नाही, हे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगितले. एकाच घराबद्दल दोन कायद्यांखाली दोन परस्परविरोधी आदेश झाले की दोघेही आपल्याकडे येतात. ती दोन्ही प्रकरणे एकाच पीठासमोर, एकाच दिवशी लागावीत. आज ती वेगवेगळ्या बोर्डांवर फिरतात आणि दोन्हीकडे ‘जैसे थे’ होते. आता घर एक आणि ‘जैसे थे’ दोन, तर आदेश बजावायला आलेल्या बेलिफाने कोणते मानायचे?

मुलाच्या ताब्याबद्दल फार लिहीत नाही, आपण जाणताच. एवढेच नोंदवते की मूल चार वर्षांचे असताना झालेला तात्पुरता आदेश ते आठ वर्षांचे होईपर्यंत टिकला, तर अंतिम निकालात ‘मूल आता रुळले आहे’ हे वाक्य येणारच, आणि ते खरेही असते. म्हणून पहिल्याच आदेशात दुसऱ्या पालकाच्या भेटीचे दिवस, जागा आणि वेळ लिहिलेली असली पाहिजे. ‘पक्षकारांनी आपसात ठरवावे’ असे लिहून चालत नाही. त्यांना आपसात ठरवता आले असते तर ते आपल्यासमोर आले नसते.

अपिलात न्यायालयासमोर साक्षीदार नसतो, कागद असतो. तोच कागद किती वेगवेगळा वाचला जातो, याचे दोन धडे आपल्या नागपूर खंडपीठाच्या इतिहासात आहेत. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली दोन्ही पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ साली तोच पुरावा वाचून त्यांना दोषी धरले, कारण भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे हे त्या न्यायमूर्तींना कागदावरून दिसले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यावर १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलायला लावला. न्यायालयाला उघड पत्र लिहिण्याचे माझे धाडस त्या परंपरेवर उभे आहे, हेही सांगून टाकते.

दुसरा धडा उलट दिशेचा. १९ जानेवारी २०२१ रोजी नागपूर खंडपीठाच्या एकल पीठाने, कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पॉक्सोखालचा (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालचा) लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबरला तो रद्द केला. मला यातली आठ दिवसांत आलेली स्थगिती महत्त्वाची वाटते. ती दुबळ्याच्या बाजूने होती, कारणासहित होती, आणि मूळ अपील त्याच वर्षात निकाली निघाले. स्थगिती अशीही असू शकते.

मध्यंतरी स्थगितीवर एक घड्याळ होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते की कारणासह मुदत वाढवली नाही तर सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप उठेल. आम्ही खालचे वकील त्या निकालाची प्रत बॅगेत घेऊन फिरायचो. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो नियम काढून टाकला. स्थगिती आपोआप उठल्यामुळे, ज्याची काहीही चूक नाही अशा पक्षकारावर अन्याय होतो, हे त्यांचे कारण मला पटते. पण त्यामुळे सगळा भार आता आपल्यावर आला. घड्याळ काढले, तर कोणीतरी हाताने टोला द्यायला हवा.

आपल्या अपील शाखेचे नियम १९६० सालचे आहेत आणि ते बदलण्याचा अधिकार आपलाच आहे. सत्र आणि जिल्हा न्यायालयांसाठी परिपत्रक काढणेही आपल्याच हातात आहे. त्यात एवढे तरी यावे अशी विनंती आहे : या तीन प्रकारच्या प्रकरणांत स्थगिती देताना ती मिळाल्यावर समोरची बाई किंवा मूल कशावर जगणार आणि कुठे राहणार, याचे एका परिच्छेदात उत्तर लिहावे. नोटीस लागण्याआधी दिलेली स्थगिती पुढच्या ठरावीक तारखेपुरतीच असावी आणि ती तारीख बोर्डावरून गळू नये. दुसऱ्या अपिलात महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न अजून ठरलाच नसेल, तर ‘दाखल करून घेण्याच्या टप्प्यावर’ म्हणून वर्षानुवर्षे ‘जैसे थे’ चालू ठेवू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे तो प्रश्न हाच अपिलाचा दरवाजा आहे, आणि दरवाजा उघडण्याआधी ओसरीवर मुक्काम कसा?

एक विनंती फेरसुनावणीबद्दल. एखादा वादमुद्दा खालच्या न्यायालयाने काढायचा राहिला म्हणून पूर्ण हुकूमनामा रद्द होऊन दावा परत पाठवला जातो, तेव्हा बाई पहिल्या पायरीवर येते आणि हातातला निकालही जातो. आदेश ४१ मध्येच नियम २५ आहे : अपील स्वतःकडे ठेवून फक्त त्या मुद्द्यावर खालून निष्कर्ष मागवता येतो. पुरावा पुरेसा असेल तर नियम २४ खाली आपणच निकाल देऊ शकता. हे दोन नियम विसरल्यासारखे झाले आहेत.

१८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रस्त्यावरच्या जुन्या इमारतीत कोल्हापूरचे सर्किट बेंच (उच्च न्यायालयाचे फिरते पीठ) सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे लोक आता मुंबईची रात्रीची गाडी न पकडता न्यायालयात पोहोचू शकतात. चार दशकांहून जास्त काळ वकिलांनी यासाठी आंदोलन केले. पण बाईला कोल्हापूर जवळ झाले, तसे तिच्या नवऱ्याला आणि भावालाही झाले. अपील करणे सोपे झाले की स्थगिती मागणेही सोपे होते. म्हणून या सूचनांची सुरुवात कोल्हापुरातून व्हावी असे मला वाटते. बोर्ड नवे आहे, सवयी अजून पक्क्या झालेल्या नाहीत.

आणखी एक, छोटेसे. आमची जिल्हा न्यायालये मराठीत चालतात, आपले कामकाज अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत. ते बदला असे मी म्हणत नाही. पण स्थगितीचा आदेश पाळायचा असतो तो तलाठ्याने, पोलीस पाटलाने, बेलिफाने आणि घरातल्या माणसांनी. त्याचा शेवटचा, काय करायचे ते सांगणारा भाग मराठीतही मिळाला, तर दारात उभे राहून वकिलाला फोन लावायची वेळ येणार नाही.

परिपत्रकाचा कच्चा मसुदा तयार करायला आम्ही तालुक्यातले काही वकील तयार आहोत. आपल्या प्रबंधकांनी नमुना कळवावा, त्याप्रमाणे पाठवू.

कळावे.

आपली विश्वासू,
तालुका न्यायालयातील एक वकील